पडदा कोणी फिरवावा?

पोथी आडवी आणि पुस्तक उभे, हा भेद वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा वेगळा विचार त्यास करावा लागत नाही. पान कसे धरावयाचे हे हातच ठरवितो. परंतु लॅपटॉपचा पडदा मागे दुमडू लागला, आणि चित्र आडवे की उभे हा निर्णय यंत्राकडे गेला.

२०१२ साली लेनोवो कंपनीचा आयडियापॅड योगा बाजारात आला. त्याची बिजागरी ३६० अंशांतून फिरते. पडदा कळफलकाच्या पाठीस टेकला की लॅपटॉपची पाटी होते. अशा यंत्रांत त्वरणमापक नावाचा एक सूक्ष्म घटक असतो. पृथ्वीच्या आकर्षणाची दिशा पडद्याच्या कोणत्या कडेकडे आहे, हे त्यावरून कळते. जी कड खाली, ती चित्राची खालची बाजू, हा त्यामागील हिशेब. यंत्र ४५ अंशांच्या सीमेवर रेंगाळल्यास चित्र वारंवार उलटू नये, म्हणून ते सीमेपलीकडे पुरेसे कलून क्षणभर स्थिर होईपर्यंत थांबण्याची योजना जाणते रचनाकार करितात.

हा हिशेब कोठे फसतो, हे हैदराबादच्या सुलतान बाजारासारख्या कापडपेठेत सहज ध्यानात येते. एखाद्या दुकानदाराने साड्यांची चित्रे दाखविण्यासाठी लॅपटॉप १८० अंशांत उघडून गादीवर सपाट ठेवला, अशी कल्पना करावी. कळफलक त्याच्या हाताशी, पडदा समोरच्या गिऱ्हाइकाकडे. आता आकर्षणाची दिशा पडद्याशी काटकोनात असल्यामुळे त्वरणमापकास चारही कडा सारख्याच. समोर कोण बसले आहे, हे त्यास कळत नाही. यंत्र पूर्वीचीच दिशा कायम ठेविते आणि गिऱ्हाइकास साडी उलटी दिसते. येथे मनुष्याच्या आज्ञेवाचून गत्यंतर नाही. एमएसआय कंपनीच्या काही लॅपटॉपांत नेमक्या याच कामासाठी, चित्र समोरच्याकडे वळविणारी एक कळ दिलेली आहे.

याच पेठेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम या नावाने १९०१ साली स्थापन झालेले ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी जुन्या ग्रंथाचे पान पडद्यावर उभे लावून टिपणे घेणाऱ्या वाचकाची अडचण उलट असते. यंत्र जरासे उचलताच पान आडवे होऊ नये, एवढेच त्याला हवे असते. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ आणि ‘ओ’ एकत्र दाबल्यास दिशा स्थिर होते. परंतु पाटी झालेल्या यंत्राचा कळफलक मागे वळून निष्क्रिय होतो. मग ती सोय हाती कशी लागणार? कडेवर बटण बसवावे, तर यंत्र फिरविताच डावे ते उजवे होते आणि धरणाऱ्या बोटांखाली ते नकळत दाबले जाते.

म्हणून दिशा बदलण्याची व स्थिर करण्याची खूण पडद्यावर, एका स्पर्शाच्या अंतरावर असावी. चित्रासमवेत स्पर्शाची व लेखणीची दिशाही फिरावी. नाहीतर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, असा घोटाळा होतो. आणि मनुष्याने एकदा दिशा ठरविली, म्हणजे त्याने ती सोडीपर्यंत यंत्राने ती मोडू नये. त्वरणमापकाने अंदाज अवश्य सांगावा; गिऱ्हाईक कोठे बसले आहे आणि वाचकास काय वाचावयाचे आहे, हे मात्र यंत्र हाती धरणाऱ्यासच ठाऊक असते.