डावा हात : धनुष्याच्या मुठीविषयी चार शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि शिवकालावर विद्वानांची भाषणे झाली. त्या मालिकेत धनुष्याच्या मुठीवर बोलायला मी उभा राहिलो आहे, हे पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मी विद्वान नाही. नोकरीनिमित्त छोटानागपूरच्या या पठारावर आलो, आयुष्याची पस्तीस वर्षे कारखान्यात घालवली आणि संध्याकाळी मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवत राहिलो. एवढीच माझी पात्रता. परंतु आपण ज्या भूमीत राहतो ती धनुष्यबाणाची भूमी आहे. मुंडा, हो आणि संथाळ समाजांत धनुष्य घरोघरी होते. १९९६ मध्ये जमशेदपूरला टाटा धनुर्विद्या अकादमी निघाली. रांचीजवळच्या एका खेड्यातून आलेल्या दीपिका कुमारीने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि मग आपल्या मराठी घरांतली मुलेही धनुष्य मागू लागली. तिकडे मायभूमीतही हे वारे पोहोचले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

धनुर्विद्या म्हटली की आपणा सर्वांना द्रोणाचार्यांची ती परीक्षा आठवते. झाडावरचा पक्षी आणि अर्जुनाला दिसलेला केवळ त्याचा डोळा. लहानपणापासून आपण ही कथा एकाग्रतेचा पाठ म्हणून ऐकली. परंतु शिकवणारा माणूस म्हणून मला नेहमी एक प्रश्न पडतो. अर्जुनाने काय पाहिले हे आपण जाणतो. त्याच्या डाव्या हाताने धनुष्य कसे तोलले होते, हे कोणी विचारत नाही. वास्तविक व्यासांनीच त्याला ‘सव्यसाची’ म्हटले आहे. सव्य म्हणजे डावा. ज्याला उजव्याप्रमाणेच डाव्या हातानेही प्रत्यंचा ओढता येई, म्हणजे ज्याचे दोन्ही हात दोन्ही कामे जाणत, असा तो धनुर्धर. आणि गीतेच्या पहिल्याच अध्यायात, त्याचे मन ढासळते तेव्हा, तो आपली जी लक्षणे सांगतो त्यांत हातातून गांडीव गळून पडत असल्याचेही सांगतो. भय आणि हात यांचा हा संबंध मला फार खरा वाटतो. मैदानावर तो मी रोज पाहतो, फक्त उलटा. भ्यालेल्या मुलाच्या हातून धनुष्य गळत नाही. ते गळेल या भीतीने तो ते आवळून धरतो. आणि आवळून धरले की बाण भरकटलाच.

असे का होते, हे थोडक्यात सांगतो. चाळीस पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढले म्हणजे डाव्या तळहातावर सुमारे १८ किलोंचा दाब येतो. हा दाब मुठीच्या मध्यरेषेवर सरळ पडला तर धनुष्य स्थिर राहते. तो जरा बाजूला पडला, किंवा बोटांनी मूठ वळवली, तर धनुष्याला पीळ बसतो. प्रत्यंचा सुटल्यावर बाण तिला सोडून जाईपर्यंतचा काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असतो. पण तेवढ्यात तो पीळ उलगडतो आणि बाणाची दिशा बदलते. किती बदल पुरतो? ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरांवर असते आणि त्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. म्हणजे मध्यबिंदूपासून त्याची कड ६.१ सेंटिमीटरांवर. बाण ७० सेंटिमीटर लांब धरला तर लक्ष्याचे अंतर त्याच्या शंभर पट झाले. तेव्हा बाणाच्या टोकाशी अवघ्या ०.६ मिलिमीटरचा फरक पडला, तरी मध्यावर लागणारा बाण दहाच्या कडेवर जातो. नखाच्या जाडीइतकी ही गोष्ट! ती डोळ्यांनी सावरणारी नव्हे. ती तळहातानेच सावरली पाहिजे.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले नाही. माझ्या मुलीकडून झाले, आणि ते माझ्या चुकीतून झाले, म्हणून ते सांगणे मला आवश्यक वाटते.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मोठ्या हौसेने मी तिच्यासाठी नवे धनुष्य आणले. दुकानदाराने जी मूठ बसवून दिली, ती मी तशीच ठेवली. पहिले दोन महिने बरे गेले. मग तिचे बाण पसरू लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. मी दर्शक बदलला, बाण बदलले, आणि जे बदलता येईना त्याला दोष दिला. “लक्ष कुठे असते तुझे?” हे वाक्य त्या पावसाळ्यात मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. ती काही बोलत नसे. एका संध्याकाळी तिने धनुष्य गवतावर ठेवले आणि म्हणाली, “बाबा, मला हे धरताच येत नाही. उद्यापासून मी येणार नाही.”

मैदानाच्या कडेला शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध मुंडा गृहस्थ बसत असत. ते बांबूची धनुष्ये करत आणि आमचा हा आधुनिक सरंजाम मिस्किलपणे न्याहाळत. ते उठून आले, मुलीचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेऊन उलटा केला, आणि मला दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी एक घट्टा, करंगळीखाली दुसरा, आणि मनगटाजवळ लाल वळ. त्यांनी मला एवढेच विचारले की पोरीचा हात केवढा आणि ही मूठ केवढी, हे तुम्ही कधी पाहिलेत का? चार महिने मी रोज पन्नास पावले चालत जाऊन लक्ष्यावरचे बाण मोजत होतो. दोन पावलांवरचा तिचा तळहात मी पाहिला नव्हता.

त्या रात्री आम्ही घरी एक प्रयोग केला. हिच्या करंड्यातले कुंकू तेलात कालवून मुठीवर त्याचा पातळ लेप दिला. मुलीला बाण लावून धनुष्य ओढायला सांगितले आणि बाण न सोडता सावकाश परत आणायला लावले. (रिकामी प्रत्यंचा ओढून कधीही सोडू नये, धनुष्य फुटते आणि इजा होते.) असे तीन वेळा केले, प्रत्येक वेळी हात पुसून. तीन वेळा कुंकवाची खूण तीन निरनिराळ्या जागी उमटली. मूठ तिच्या हाताला फार रुंद होती, म्हणून हात दर वेळी नवी जागा शोधत होता. लक्ष तिचे ठिकाणावर होते. ठिकाणावर नव्हता तो हात.

आता मूठ निवडायची कशी, ते सांगतो. प्रथम हात कोठे टेकला पाहिजे हे नक्की करावे. तळहातावरची आयुष्यरेषा पाहा. तिच्या आणि अंगठ्याच्या मध्ये जो फुगीर भाग आहे, ज्याला हस्तसामुद्रिकवाले शुक्राचा उंचवटा म्हणतात, त्यावर धनुष्याचा भार यावा. रेषेपलीकडे, करंगळीखाली चंद्राचा उंचवटा आहे. त्याने मुठीला स्पर्श करू नये. भार शुक्रावर, चंद्रावर नव्हे, असे मी मुलांना सांगतो आणि ते त्यांच्या लक्षात राहते. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या सर्वांत खोल घळीत बसावे. हाताच्या पेरांची रेषा उभी नको, आडवीही नको. सुमारे पंचेचाळीस अंशांत तिरपी असावी. असे केले म्हणजे कोपर बाहेर वळते आणि प्रत्यंचा दंडावर किंवा कोपरावर आपटत नाही. बोटे सैल. धनुष्य धरायचे नसते. ते हातावर टेकू द्यायचे असते.

मग सुटताच ते पडेल ना? पडेल. म्हणूनच बोटांना किंवा मनगटाला बांधायचा एक पट्टा असतो, त्याला स्लिंग म्हणतात. बाण सुटला की धनुष्य पुढे उडी घेते आणि पट्टा त्याला झेलतो. हा काही रुपयांचा पट्टा म्हणजे भीतीवरचे औषध आहे. तो बांधल्याशिवाय कोणत्याही मुलाला ‘हात सैल सोड’ असे सांगू नये; ते सांगणे व्यर्थ आहे.

मुठीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. उंच मुठीत मनगट वर, हाताच्या सरळ रेषेत राहते आणि भार बेचक्याजवळच्या लहानशा जागेवर येतो. स्पर्श कमी, म्हणून पिळाला वाव कमी; पण मनगट लवकर थकते, आणि थकलेले मनगट शेवटच्या बाणांना दगा देते. बसक्या मुठीत मनगट मागे झुकते आणि तळहाताचा मोठा भाग टेकतो. यात विश्रांती आहे, जड धनुष्यही पेलते. पण स्पर्शाचे क्षेत्र वाढल्यामुळे आज येथे तर उद्या तेथे दाब पडण्याचा धोका आहे. मध्यम मूठ या दोहोंच्या मधली. नवशिक्याने तिच्यापासून आरंभ करावा, हे माझे मत. कंपाउंड धनुष्यावर तर अनेक खेळाडू मूठ काढून टाकतात आणि दांड्याच्या अरुंद, सपाट पाठीवरच पट्टी चिकटवून हात टेकतात. अमुकच मूठ सर्वश्रेष्ठ, असे मात्र नाही. विजेत्याची मूठ पाहून आपली निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाचे माप देऊन वहाणा करण्यासारखे आहे.

कसोटी एकच. डोळे मिटून धनुष्य दहा वेळा उचलावे, आणि दहाही वेळा हात आपसूक एकाच जागी बसला पाहिजे. बसत नसेल तर लाकडी मूठ घेऊन कानशीने जरा जरा घासावी. जेथे पोकळी राहते तेथे दोन भाग एकत्र मळून लावायची लांबी भरावी आणि ती ओली असतानाच हाताचा ठसा घ्यावा. एका वेळी एकच फेरफार करावा, तो वहीत टिपावा आणि किमान पंधरा दिवस पारखावा. मूठ बदलली की बाण नव्या जागी लागू लागतात. तेव्हा घाबरून दुसऱ्याच दिवशी जुनी मूठ बसवू नये, आधी दर्शक जुळवावा. पावसाळ्यात घामाने हात घसरतो म्हणून मुठीवर जाड पट्टी गुंडाळणारे पुष्कळ आहेत. तिने मुठीचे मापच बदलते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. हात कोरडा पुसावा, आणि पट्टी लावलीच तर पातळ लावून तीच कायम ठेवावी. आणि मूल वाढत असते. दर सहा महिन्यांनी कुंकवाचा प्रयोग पुन्हा करावा.

माझ्या मुलीची मूठ आम्ही दोघांनी मिळून घासली. तीन रविवार लागले. कानस तिच्याच हाती होती. मी केवळ कुंकू लावून खुणा पाहत होतो. चौथ्या रविवारी तिचे सहा बाण एका ताटलीएवढ्या जागेत लागले. मध्यावर नव्हते, पण एकत्र होते, आणि एकत्र असलेले बाण मध्याकडे नेणे कठीण नसते. तिला पुढे मोठी पदके मिळाली नाहीत. विद्यापीठाच्या संघात ती खेळली, एवढेच. आज ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाते. ती मूठ अजून तिच्याजवळ आहे. हात मोठा झाल्यामुळे ती आता तिला बसत नाही, तरी तिने ती टाकलेली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांनी मला विचारले आहे की मुलासाठी कोणते धनुष्य घ्यावे. माझे उत्तर एवढेच आहे : दुकानात जाण्यापूर्वी एकदा त्याचा डावा तळहात आपल्या हातात घेऊन नीट पाहा. आणि त्याचा बाण चुकला, तर लक्ष्याकडे धावण्यापूर्वी पुन्हा एकदा तो हातच पाहा.