धोंडे काढा म्हणाले

(हिंगोलीच्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, दोन-चार अर्धी वाक्यं तेवढी पुरी केली.)



मला विषय दिलाय 'आपत्ती, विस्थापन आणि समाजाची पुन्हा उभं राहण्याची शक्ती'. विषय विद्यापीठातला आहे. यावर डॉक्टरेट मिळते, परदेशवारी होते. माझ्याकडं डॉक्टरेट नाही. मी अशाच एका अभ्यासप्रकल्पात फॉर्म भरणारा पोरगा होतो. एका फॉर्मचे इतके पैसे, असा हिशेब. तेव्हा मी बोलणार ते फॉर्मच्या खालच्या बाजूनं.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आपल्या जिल्ह्यात जमीन हलली. ४.५ रिश्टर. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, ३.६ चा. केंद्र कळमनुरी तालुक्यात. १० जुलैला पुन्हा ४.५, पुन्हा कळमनुरीच, रामेश्वर तांड्याकडं. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना यात नवल वाटलं नसेल. तिथं गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतो आणि लोक पोरंबाळं घेऊन अंगणात येऊन बसतात.

मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं आवाहन केलं, ज्यांच्या पत्र्यावर धोंडे ठेवलेत त्यांनी ते काढून घ्यावेत. सल्ला बरोबर आहे. पत्रा हलला की धोंडा सरकतो आणि खाली झोपलेल्याच्या डोक्यात जातो. विज्ञान म्हणून त्यात काही चूक नाही.

फॉर्मांची पिशवी घेऊन मी एका बौद्धवाड्यात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, त्या म्हातारीला त्रास नको. तिच्या पत्र्यावर धोंडे होते तसेच होते. मी म्हणालो, "आजी, काढले नाहीत का?"

म्हणाली, "काढते की. वावधान सुटल्यावर पत्रा कोन धरंल? सायेब येऊन बसंल का वर? मागच्या वैशाखात येक पत्रा उडाला तो पार पाटलाच्या आखाड्यात. तो आनायला दोन दिस हातापाया पडावं लागलं."

मित्रांनो, माझ्या सगळ्या अभ्यासाचा अर्क या तीन-चार वाक्यांत आहे. धोंडा ठेवला तर भूकंपात मरण, काढला तर वादळात घर उघडं. यातून सुटायला लोखंडी अँगल लागतो, हूक आणि नटबोल्ट लागतात, मिस्त्रीची मजुरी लागते. आवाहनात अँगलचा उल्लेख नव्हता. ज्याच्या घरावर स्लॅब आहे त्याला हे आवाहन वाचायचीही गरज पडली नाही.

आता फॉर्मकडं या. त्यात एक प्रश्न होता: 'आपत्तीनंतर आपण किती दिवसांत पूर्ववत कामाला लागलात?' पुढं चौकोन. एक आठवडा, एक महिना, त्याहून जास्त, अद्याप नाही. म्हातारी म्हणाली, "दुसऱ्या दिशी हळद काढाया गेले. रोज बुडवून कसं भागंल?" मी 'एक आठवडा' वर खूण केली. शेजारच्या घरी तेच, मांगवाड्यात तेच. गावात गेलो तर एका बागायतदारानं सांगितलं, भीतीनं महिनाभर शेतात पाय ठेवला नाही, सगळं गड्यावर सोडलं होतं. त्याच्या फॉर्मवर 'एक महिना'.

ढीग सरांपुढं ठेवला. सर चाळून म्हणाले, "भूमिहीनांमध्ये विलक्षण चिवटपणा दिसतो." च्यायला, आयुष्यात पहिल्यांदा आमचा वाडा कुठल्या तरी यादीत पहिला आला! सर वाईट नव्हते. चहा पाजायचे, नावानं हाक मारायचे. पण पोट रिकामं असलं की माणूस लवकर उठतो, या गोष्टीला त्यांच्या शास्त्रात 'क्षमता' म्हणतात. तो शब्द अहवालात गेला की वरचा अधिकारी वाचतो आणि म्हणतो, हे लोक सावरलेच आहेत, मदत दुसरीकडं वळवा.

अभ्यास नको असं मी म्हणत नाही. किल्लारीचंच बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्याआधी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, तिथं छोटे धक्के बसत होते. म्हणून आपल्याकडंही तसंच होणार असं कुणी समजू नका. भूकंप कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आपला ४.५ किल्लारीच्या सहाच्या वरच्या धक्क्यापुढं लहान. आकडा एकानं वाढला की ताकद बत्तीसेक पट होते.

एवढी माणसं का मेली हे इंजिनिअर लोकांनी स्पष्ट दाखवलं. दोन-अडीच फुटी दगडी भिंत. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चुरा, आणि जोडायला नुसती माती. वर माळवद, म्हणजे शेकडो मण मातीचं ओझं. भिंत फुगून फाटली आणि माळवद खाली आलं. कुडाच्या भिंती आणि वर सप्पर असतं तर अंगावर पडूनही माणूस झटकून उठला असता. आमच्या बापजाद्यांना माळवद बांधायची ऐपत नव्हती, पुष्कळ ठिकाणी मुभाही नव्हती. जातीनं आम्हाला हलकं घर दिलं आणि भूकंपात हलकं घर बरं. हा विनोद मला फार वेळ हसवत नाही.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं. ५२ गावं जागेवरून उठवून नवी वसवली. दोस्तांनो, हे नीट ऐका. अख्खं गाव कोऱ्या कागदावर नव्यानं आखायची संधी सरकारला मिळाली. आणि घराचं माप कशावरून ठरलं? जमिनीवरून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंप जमिनीचा उतारा बघून आला नव्हता. घरात माणसं किती हे धरून माप ठरवता आलं असतं. पण मराठवाड्यात सात हेक्टर कुणाकडं असतात आणि भूमिहीन कोण असतो, हे शाळकरी पोर सांगेल. कागदावर जात लिहायची गरजच पडली नाही.

या नव्या गावांवर वास्तुशास्त्राच्या लोकांनी बरंच लिहिलंय. चौकटीसारखे रस्ते शहरी आहेत, ढोरं बांधायला जागा नाही, शेजार मोडला, जुन्या गल्ल्यांतला जिव्हाळा गेला. ढोरांचं मला पटतं. पण जिव्हाळा म्हटलं की मी थांबतो. त्या जुन्या नकाशात आमचं घर कुठं होतं ते आधी दाखवा, मग मीही रडतो तुमच्याबरोबर.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या. पडीक सरकारी जमीन आणि त्यासाठी वेगळं कमिशन. गाव हीच आमच्यावरची आपत्ती आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या मागणीसाठी कधी कर्ज आलं नाही.

किल्लारीतली एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. शेकडो गावांत घरं पाडून नवी न बांधता दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथं गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. त्यांनी सिमेंट-वाळूचं प्रमाण शिकून घेतलं, इंजिनिअरला प्रश्न विचारले. पुढं २००१ साली कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडं जाऊन बोलल्या. पुन्हा उभं राहणं म्हणतात ते हे. त्यांच्या हाती माहिती होती, म्हणून जमलं.

दुसरी आपत्तीही विसरू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. माणसं गाव सोडून पळाली, परत आली, आणि कित्येकांना जाळणाऱ्यांच्याच शेतात रोजानं जावं लागलं. तेही 'पूर्ववत' झालेच की. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. किल्लारीकडची माणसं तेव्हा पत्र्याच्या शेडात थंडी काढत होती, आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी नांदेडला गौतम वाघमारेनं नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्ती नैसर्गिक असते तशी मानवनिर्मितही असते, असं लिहिलंय. त्याच कायद्याचं कलम ६१ म्हणतं की मदत देताना जात-धर्म-लिंग बघून भेद करायचा नाही. हे कलम पाठ करा. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना छावण्यांत कसं वेगळं ठेवलं, हे नोंदलं गेलेलं आहे.

आता कामाचं बोलतो. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्रानं मदतीचे जे निकष ठरवले, त्यात सपाट भागात घर पुरतं पडलं तर १ लाख २० हजार रुपये. झोपडी पडली तर ८ हजार. आणि घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला हवा. म्हातारीचं घर गायरानावर आहे. तीन पिढ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला तिचं नाव नाही. म्हणजे उद्या भिंत पडली तर पंचनाम्याला आलेला माणूस विचारणार, घर कुणाच्या नावावर? आणि वहीत लिहिणार 'झोपडी', किंवा काहीच लिहिणार नाही. तिचं नुकसान भूकंपाआधीच ठरून गेलंय. आमच्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नव्हता. मी सरांना विचारलं तर म्हणाले, तो महसुलाचा विषय आहे.

म्हणून आपला फॉर्म आपण काढायचा. मी एक पानाचा केलाय, दाराजवळ गठ्ठा आहे. घर कुणाच्या जमिनीवर, किती वर्षं, आठला नोंद आहे का, वीजबिल कुणाच्या नावावर, भिंत कशाची, पत्रा कशानं धरलाय, अँगल-हूक टाकायला किती खर्च येईल. मत विचारायचं नाही, चिवटपणा मोजायचा नाही. प्रत्येक घराचा दारातून एक फोटो, माणसं उभी करून, तारखेसह. एक प्रत त्या घरात ठेवायची, एक आपल्याकडं, एक ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायची. ग्रामसेवक पोच देणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, त्या घरच्या बाईला बरोबर घेऊन.

तुम्ही पुण्या-मुंबईहून आलात, कविता करता, चांगल्या करता. त्या नंतर करा. कळमनुरी आणि वसमत, दोनच तालुके आधी घेऊ. उद्या सकाळी सातला एस.टी. स्टँडवर या. मोजायची टेप माझ्याकडं एकच आहे. कुणाकडं असली तर आणा.