इंजिनाचा श्वास आणि त्याची शीळ

माणसाची प्रकृती बिघडली की वैद्य आधी त्याचा श्वास पाहतात. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन तेलावर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे आपण पंपावर पैसे मोजतो ते एका लिटरचे आणि इंजिन ओढते ती हजारो लिटर हवा, अगदी फुकट! फुकट म्हणूनच की काय, ह्या हवेच्या वाटेकडे आपले लक्ष नसते.

अलीकडे मात्र ह्या वाटेत हात घालण्याची हौस वाढली आहे. नृसिंहवाडीला पौर्णिमेला किंवा दत्तजयंतीला या आणि गाड्यांच्या तळावर जरा कान देऊन उभे राहा. एखादी गाडी जागेवर उभी असून सापासारखी फुसफुसत असते, एखादी शीळ घालते, एखादी घुरघुरते. विचारावे तर तरुण मालक सांगतो, “मास्तर, कंपनीचा डबा काढून बाजारातला फिल्टर घातलाय. गाडी जोरात पळते म्हणत्यात. पण उभी केली की शिट्टी मारायला लागलीया.” ही शिट्टी कशाची आणि ती कशी थांबवायची, एवढेच आज आपण पाहू.

इंजिनाची चार कामे असतात : हवा ओढणे, ती दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी मंद चालू असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा हवा ओढतो. चारही मिळून सोळाशे झटके, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस. हवा ही अशी झटक्याझटक्याने ओढली जाते, म्हणून तिच्यात लाटा उठतात, आणि लाटा म्हणजेच आवाज.

आता कंपनीने दिलेला तो काळा डबा आठवा. त्याच्या नळीला कधी कधी एक बंद डबी जोडलेली असते. तिला दुसरे तोंड नसते. पाहणाऱ्याला वाटते, ही कशाला? पण ती बिनकामाची नव्हे. घागरीच्या किंवा बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ठरावीक सूर निघतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ भांड्यांचा अभ्यास केला. नळीला जोडलेली ती डबी त्याच तत्त्वावर आपल्या सुराच्या लाटा गिळून टाकते. शिक्षक बंधुभगिनींनी तीन बाटल्यांत कमीअधिक पाणी घालून मुलांना फुंकर मारायला सांगावे. पोकळी लहान झाली की सूर चढतो, हे मुलांना तेथल्या तेथे समजेल.

तेव्हा डबा आणि डबी काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला की थोडा आवाज वाढणारच. हा दोष नव्हे, गिळणारा गेला म्हणून ऐकू येणारा आवाज आहे. पण दुसरा एक आवाज असतो, तो मात्र धोक्याचा. दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

आवाज भरदार, घुरघुरल्यासारखा असेल आणि इंजिन एकसारखे चालत असेल, तर तो बहुधा नुसता ओढीचा आवाज. खडखड असेल, तर नवी नळी कुठेतरी पत्र्याला टेकत असते. तिथे रबराचा तुकडा घालावा किंवा पट्टी नीट आवळावी. पण बारीक शीळ किंवा ‘सूंऽऽ’ असा आवाज येत असेल आणि त्याबरोबर इंजिनाच्या फेऱ्या आपोआप वर-खाली होत असतील, तर समजावे की हवा चोरवाटेने आत शिरते आहे.

हे मंद चालतानाच जास्त का ऐकू येते? पेट्रोलच्या इंजिनात आपण पाय उचलला की हवेचे झाकण जवळजवळ मिटते. झाकणाच्या आतल्या बाजूला हवा विरळ होते, आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. दाराच्या फटीतून वारा शीळ घालतो ना, तसेच हे. मात्र झाकणाच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या बाजूला, एवढी ओढ नसते. तिथल्या फटीतून आवाज कमी, पण धूळ आणि न मोजलेली हवा जाते. ते जास्त वाईट.

आता दुरुस्ती. ती क्रमाने करावी, बरं का!

पहिले, इंजिन बंद करून गार होऊ द्या. नव्या नळीचे सगळे पट्टे हाताने हलवून पाहा. रबर वळलेले, चिरलेले किंवा तिरके बसलेले आहे का, ते पाहा. जुन्या डब्याला दोन-तीन बारीक नळ्या जोडलेल्या असत. त्यांतली एखादी नव्या नळीला जोडायची राहून गेली आणि तिचे तोंड उघडेच आहे, हे फार वेळा आढळते. शिट्टीचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

दुसरे, इंजिन चालू करून हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा आणि दुसरे सांध्यांजवळून हळूहळू फिरवा. डॉक्टरांच्या नळीसारखा हिचा उपयोग होतो. मात्र पंखा आणि पट्टा ह्यांपासून दूर राहा. उपरणे, पदर, सैल बाही अगोदर आवरून घ्या. हे काम मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नको. धुरातला विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

तिसरे, झाकणाच्या आतल्या बाजूच्या संशयाच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. आवाज क्षणभर बदलला, तर फट तीच. विजेच्या जोडांवर आणि फिल्टरवर पाणी नको. कुणी पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडून पाहतात. अहो, तापलेल्या इंजिनावर हा खेळ म्हणजे घराला आग लावून उंदीर शोधणे!

चौथे, नव्या गाड्यांत हवेच्या वाटेत तापलेली बारीक तार असलेले मापयंत्र असते. किती हवा आत आली हे ते सांगते आणि त्याप्रमाणे पेट्रोल सोडले जाते. नवी नळी मूळ नळीहून रुंद असेल, तर माप चुकते. यंत्र उलटे बसले, तरी चुकते. काही धुता येणाऱ्या फिल्टरांना तेल लावावे लागते. ते जास्त झाले तर तारेवर बसते. ती तार फडक्याने पुसू नये, त्यासाठी मिळणाऱ्या खास द्रवानेच साफ करावी. एवढे करून फेऱ्या स्थिर होत नसतील, तर गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे तिच्या यंत्रणेला मंद चाल पुन्हा शिकवून घ्यावी लागते.

जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलींत हवा वाढली आणि जेट तेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. अशा वेळी नुसता स्क्रू फिरवून रेस वाढवणे म्हणजे ताप आलेल्या पोराला गोधडीत गुंडाळणे. दिसायला निजले, पण दुखणे तसेच.

आता आपल्या शेतकरी बांधवांसाठी. नदीकाठच्या पंपाचे साधे डिझेल इंजिन झाकणाने हवा अडवत नाही, म्हणून तिथे चोरवाट शीळ घालून सांगत नाही. ती मुकाट्याने धूळ आत नेते. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल, तर खुणेपर्यंत तेल ठेवा, गाळ साचला की बदला. उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ पाहिली म्हणजे ह्याचे महत्त्व सांगायला नको. ती धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा घासतात, आणि वाचवलेल्या फिल्टरच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागाची. गार हवा मिळावी म्हणून काही नव्या नळ्यांचे तोंड खाली, चाकाजवळ नेतात. हा कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा मुलूख. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या वर्षांचे महापूर आपण विसरलेलो नाही. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. खाली नेलेल्या तोंडातून पेलाभर पाणी सिलिंडरात गेले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागीच थांबते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला दाखवा. कंपनीने हवेचे तोंड उंचावर ठेवले, ते उगीच नव्हे.

सगळे सांधे घट्ट, सगळ्या नळ्या जागेवर, फेऱ्या स्थिर, आणि तरीही घुरघुर कायम असेल, तर उपाय एकच : जुना डबा पुन्हा बसवा. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो. म्हणजे ज्या जोरासाठी खटाटोप केला, तो पुष्कळदा वाढतही नाही. म्हणून काढलेला डबा भंगारात देऊ नका. वॉरंटीचे कागदही पाहा; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत, हेही ध्यानी असू द्या.

आणि गाडी उभी करून जास्त वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणे हा आवाजावरचा सर्वांत स्वस्त इलाज. शाळा, दवाखाना, देऊळ ह्यांच्या जवळ तर तो आपला धर्मच समजावा. इंजिन बोलते ते काही उगीच नाही. त्याचे म्हणणे आधी ऐकावे, मगच पान्ह्याला हात घालावा.