खालच्या सभेचं वरच्या सभेला सांगणं

(नेपाळमधील महिला लोकप्रतिनिधींचे एक मंडळ इथल्या ग्रामपंचायतींचा कारभार पाहण्यासाठी महाराष्ट्रात आले असता, त्यांच्या स्वागताच्या सभेत केलेले भाषण.)

नेपाळहून आलेल्या भगिनींनो, आणि सकाळची एस.टी. गाठून इथवर पोचलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आमच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये दुभाषी बसली आहे, पण तिला फार कष्ट पडतील असं वाटत नाही. मागचा फलक पाहुण्यांनी आल्या आल्या वाचून टाकला. लिपी एकच आहे. महिला, अधिकार, न्याय, समिती हे शब्दही दोन्हीकडे तेच. अडचणींचे शब्दही बरेचसे सारखेच निघतील.

तुम्ही कायदे करणाऱ्या सभागृहांत बसता. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक जणी ग्रामपंचायतीत बसतात, किंवा पंचायतीच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहतात. आपल्या दोन देशांची गंमत अशी की बायकांना जागा मिळाल्या त्या उलट सुलट टोकांनी. तुमच्या २०१५ च्या संविधानानं संघीय संसदेत आणि प्रदेश सभांत एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत असं ठरवलं. आमच्याकडे सुरुवात खालून झाली. महाराष्ट्रात १९९० साली स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखीव झाल्या. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. पण वरच्या सभागृहांसाठीचं विधेयक १९९६ साली पहिल्यांदा मांडलं गेलं आणि संसदेत मंजूर व्हायला २०२३ उजाडलं. मंजूर करतानाही ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधून ठेवलं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. गावात निम्म्या, दिल्लीत सातात एक!

हा उपकार म्हणून कुणी आम्हाला दिला, असं मात्र पाहुण्यांनी समजू नये. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला पूर्ण बायकांची पॅनेलं निवडून आली. तेव्हा एक तृतीयांश जागांचा कायदा नव्हता. बाया उभ्या राहिल्या, मतं मागितली, निवडून आल्या. कायदा त्यांच्या मागून आला.

उद्या तुम्हाला गावात नेतील. रांगोळी असेल, लेझीम असेल, तुम्हालाही फेटे बांधतील. ते आनंदानं बघा, गावानं हौसेनं केलेलं असतं. मग थोडा वेळ काढून ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसा आणि साध्या गोष्टी विचारा. चेकवर सरपंचांची आणि ग्रामसेवकाची अशा दोन सह्या लागतात. सरपंचबाई सही करतात तेव्हा रक्कम लिहिलेली असते की कोरा चेक पुढे येतो? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असा आमच्याकडे कायदा आहे. तिचं इतिवृत्ताचं रजिस्टर मागा. त्यातले ठराव मोठ्या ग्रामसभेत आले का, ते पानं उलटून बघा. सह्या आणि अंगठे एकाच शाईत, एकाच हातानं केल्यासारखे दिसले तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको. सरपंचबाईंशी बोलायचं असेल तर त्यांच्या घरी, चुलीपाशी बसून बोला. कचेरीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे पती असतील आणि उत्तरं तेच देतील. दलित वस्तीत आणि पारध्यांच्या पालांवरही जा. तिथली बाई सदस्य असेल तर तिला बैठकीची नोटीस वेळेवर मिळते का, तेही विचारा.

तरीही या बायका काम करतात. पाण्याची टाकी, शाळेची खोली, रेशन दुकानाचा हिशेब, घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव, ही कामं त्यांनी रेटून केली आहेत. पाच वर्षांत कारभार समजतो, आणि मग आरक्षण फिरतं. वॉर्ड खुला झाला की पक्ष म्हणतो, ताई, आता तुमचं काय काम?

आता जे मला कायदे करणाऱ्यांना मुद्दाम सांगायचं आहे ते सांगते. गावच्या बाईसाठी नियम वर बसलेले करतात, आणि ते नियम स्वतःला लावून घेत नाहीत. दोन उदाहरणं देते.

पहिलं दोन मुलांच्या अटीचं. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्यांना दोनापेक्षा जास्त अपत्यं झाली ते पंचायतीला अपात्र, असा नियम महाराष्ट्रात आला. मुलं किती व्हावीत हे ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही, तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मुलगा हवा म्हणून जिच्यावर घरानं दडपण आणलं, तिचंच पद गेलं. नियम करणाऱ्या सभागृहानं हीच अट आमदारांना लावली नाही. हरियाणा, मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश यांनी तसलाच नियम पुढे काही वर्षांतच मागे घेतला. म्हणजे चूक कळू शकते, आणि सुधारताही येते.

दुसरं आडव्या बाटलीचं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. २००८ च्या नियमानं अट घातली की आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या एकूण नावांच्या हवीत. म्हणजे जी ऊसतोडीला गेली आहे, जी सासरी नांदते पण जिचं नाव माहेरच्या यादीत राहिलं आहे, जी वारली पण यादीतून निघाली नाही, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात. आमदार व्हायला मात्र जवळच्या उमेदवारापेक्षा एक मत जास्त पुरतं. यादीतल्या निम्म्यांहून जास्त नावांची मतं मिळवून निवडून आलेले किती असतील? दारूच्या दुकानाला लोकशाहीचं जेवढं संरक्षण आहे तेवढं पंचायतीतल्या बाईला नाही.

तुमच्याकडेही नियमांना फटी आहेत, हे आम्ही वाचलं आहे. नगरपालिका-गाउँपालिकेत प्रमुख आणि उपप्रमुख या दोन उमेदवारांपैकी एक स्त्री द्यायची असा तुमचा कायदा. २०१७ मध्ये पक्षांनी तो पाळला, पण असा की ७५३ पैकी जेमतेम १८ ठिकाणी स्त्री प्रमुख झाली आणि उपप्रमुखपदं मात्र बहुतेक सगळी बायकांकडे. २०२२ मध्ये युत्या झाल्या. युतीत एका पक्षाकडे एकच पद आलं की अट लागू होत नाही. उपप्रमुख बायकाही कमी झाल्या. दुसऱ्या नंबरची खुर्चीसुद्धा अशी सरकवता येते!

पण त्या खुर्चीला तुमच्या संविधानानं एक मोठं काम दिलं आहे, आणि ते आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे. उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली न्यायिक समिती असते आणि गावपातळीवरचे तंटे तिच्यापुढे येतात. नवऱ्यानं टाकलेली बाई तुमच्याकडे आपली तक्रार एका निवडून आलेल्या बाईपुढे मांडू शकते. आमच्या संघटनांनी वर्षानुवर्षं सल्ला केंद्रं चालवली, पण त्यांच्या मागे असं पद नाही. तिथे समझोत्याच्या नावाखाली बाईला परत मारहाणीच्या घरी पाठवलं जातं का? वकिलाची मदत कोण देतं? निकाल मानला नाही तर पुढे काय? हे सगळं आम्हाला तपशिलात ऐकायचं आहे.

आणखी एक गोष्ट दोघींनीही सोसली आहे. तुमच्याकडे १९९७ नंतर स्थानिक निवडणुका झाल्या त्या थेट २०१७ साली. आमच्याकडे मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. निम्म्या जागा राखीव, पण सभागृहालाच कुलूप. निवडणूकच झाली नाही तर आरक्षण कुठे बसायचं? वेळेवर निवडणूक ही सुद्धा बायकांची मागणी आहे.

म्हणून पाहुण्यांकडे एक मागणं आहे. परत गेल्यावर गावासाठी एखादा नियम तुमच्या सभागृहात येईल तेव्हा उठून एवढंच विचारा: हा नियम आपल्याला लागू आहे का? नसेल तर का नाही? ही विचारणा आम्ही इथे आमच्या आमदारांना करतो. तुम्ही तिथे आतून कराल तर तिला जास्त वजन येईल.

माझं बोलणं इथे थांबवते. मैत्रिणींनी प्रश्न लिहून आणले आहेत, आणि काहींना शेवटची गाडी गाठायची आहे. तेव्हा आधी त्यांना बोलू द्या.