कॉलेजात शिकणाऱ्या पोरांचा उद्योग आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी स्वतःचा उद्योग उभा करावा यासाठी काय करता येईल, यावर बोला असे समितीने मला सांगितले. मी रिंग खात्यात आयुष्य घालवलेला माणूस. कॉलेजात शिकलो नाही. पण आपल्या अभ्यासिकेतली पोरे रोज 'स्टार्टअप, स्टार्टअप' म्हणतात, तेव्हा हे काय प्रकरण आहे म्हणून सरकारी कागद मिळवले आणि वाचले. वाचले ते सांगतो.

पहिली गोष्ट, धंदा आणि स्टार्टअप एकच नव्हे. वडापावची गाडी लावली की संध्याकाळी गल्ल्यात पैसे दिसतात. स्टार्टअपमध्ये आधी नवी वस्तू बनवायची, ती चालते का बघायचे, मग गिऱ्हाईक शोधायचे. यात वर्षे जातात. आणि गरिबाच्या पोराकडे नेमकी तीच नसतात.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. पवईच्या आयआयटीत २००४ साली 'साइन' नावाची संस्था सुरू झाली. कॉलेजातून निघणाऱ्या कंपन्यांना जागा, यंत्रे, सल्ला आणि सुरुवातीचे पैसे मिळवून द्यायचे हे तिचे काम. अशा संस्थेला इन्क्युबेटर म्हणतात. अंडी उबवायच्या यंत्रालाही हाच शब्द आहे, आणि तो बरोबर आहे. तिथल्याच विद्यार्थ्यांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी काढली आणि माणसाशिवाय उडणारे ड्रोन बनवले. २००९ च्या 'थ्री इडियट्स' पिक्चरमध्ये जे उडते यंत्र तुम्ही पाहिले, ते यांचे. पुढे लष्कराने त्यांचा माल घेतला. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, ६७२ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला. पुढे तो बराच खाली आला, ते वेगळे. पेपरात दुप्पट झाल्याची बातमी मोठी होती. मी मात्र बोटांवर मोजले. २००७ ते २०२३, म्हणजे सोळा वर्षे!

आता सांगा, आपल्या घरात सोळा वर्षे सोडा, सोळा महिने तरी कोण थांबेल? पोरगी पदवीधर झाली की खोलीचे भाडे, आजीचे औषध, धाकट्याची फी तिची वाट बघत उभी असते. मी आईबापांना दोष देत नाही. आमची गिरणी २०२० च्या लॉकडाऊनला थांबली, त्यानंतर घर कसे चालले ते आमच्या घरातल्या बायकांना विचारा. त्यामुळे नोकरी धरा म्हणणारा बाप अडाणी ठरत नाही. हिशेब त्यालाही कळतो.

म्हणून मदत करायची तर ती पोरगं शिकत असतानाच करायला हवी, घराचा भार अंगावर पडायच्या आधी. सरकारलाही हे थोडे उमगलेले दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी स्टार्टअपचे धोरण जाहीर केले. त्यात लिहिले आहे की उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी परीक्षेला बसू द्यावे, मध्ये काही काळ शिक्षण थांबवून पुन्हा येऊ द्यावे, कंपनीची नोंदणी करायला कॉलेजचा पत्ता वापरू द्यावा. हा पत्ता फार मोलाचा आहे, बंधूंनो. दहा बाय दहाच्या खोलीचा पत्ता दिला की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते तुम्हाला सांगायला नको. पण हे मार्गदर्शन आहे, प्रत्येक कॉलेजने आपापले नियम करायचे आहेत. तुमच्या कॉलेजने केले का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. तोंडी विचारलेले हवेत विरते.

त्याच धोरणात असेही आहे की मदतीच्या बदल्यात कॉलेजने कंपनीत दोन ते साडेनऊ टक्के हिस्सा घ्यावा. आणि कॉलेजचा पैसा किंवा यंत्रे मोठ्या प्रमाणात वापरून शोध लावला, तर त्याची मालकी दोघांची. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने केला तर तुमची. तेव्हा सही करण्यापूर्वी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. युनियनमध्ये आम्ही हेच शिकलो.

पैशाचे बघू. कर्ज वेगळे, भागभांडवल वेगळे. कर्ज घेतले आणि उद्योग बुडाला तरी हप्ता बुडत नाही, बँकेचा माणूस दारात येतो. भागभांडवल देणारा तुमच्यासोबत तरतो आणि तुमच्यासोबत बुडतो. 'स्टँड अप इंडिया' ही २०१६ ची योजना कर्जाची होती. १० लाख ते १ कोटी, प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला द्यायचे. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र बाबासाहेबांच्या नावाने जे मिशन निघाले, त्यात अनुसूचित जातीच्या तरुणांना कॉलेजातल्या इन्क्युबेटरमार्फत तीन वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल म्हणून द्यायचे ठरले. चार वर्षांत एक हजार तरुण निवडायचे होते. योजना येतात, मुदती संपतात, नवी नावे येतात. शिकणाऱ्या पोराला कर्ज नको, भागभांडवल द्या, एवढी मागणी आपण धरून ठेवली पाहिजे.

आणि गिऱ्हाईक? बाबासाहेब कोलंबियाचे एम.ए., अर्थशास्त्राचे विद्वान. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ च्या अखेरीस मुंबईला आले. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी त्यांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला घेणाऱ्यांना त्यांची जात कळली आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान कमी नव्हते, भांडवलाचाही फार प्रश्न नव्हता. गिऱ्हाईक उठून गेले. आज कोणी तोंडावर बोलत नाही, आडनाव विचारतात. पुण्यात २००५ साली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी राहिली, त्यामागे हेही कारण आहे असे मी मानतो. पहिला माल विकत घेणारा आणि दुसऱ्याकडे नाव सांगणारा माणूस लागतो. श्रीमंताच्या पोराला तो काका-मामात मिळतो.

तर आपले काका-मामा आपण व्हायचे. समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. अभ्यासिका रात्री अकराऐवजी एकला बंद करा. तिथे एक कॉम्प्युटर असा ठेवा, ज्यावर फक्त परीक्षेचा अभ्यास होणार नाही. वस्तीतले बँकेतून, महापालिकेतून, कारखान्यातून निवृत्त झालेले लोक, त्यांनी महिन्यातून एक रविवार पोरांचे अर्ज, करार, हिशेब तपासून द्यावेत. मी टेबल-खुर्ची मांडायला येईन. आणि वर्धापनदिनाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून, एखाद्या पोरीने काही बनवले तर पहिली पावती विहाराच्या नावाने फाडा. उपकार म्हणून नाही, वस्तू चांगली असेल तरच. नसेल तर काय बिघडले ते तिला तोंडावर सांगा.

वर्गणीचे पुस्तक खजिनदारांकडे आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता याच सभागृहात बैठक ठेवली आहे, आईबापांनीही यावे.

जयभीम.