नऊ जागांचा खेळाडू

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत मैदानावर नऊ गडी उभे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चेंडू फेकणारा वेगळा, फलंदाजामागें बसून तो झेलणारा वेगळा. जवळच्या रिंगणांत चौघे, दूरच्या हिरवळीवर तिघे. एकेका जागेचा अभ्यास करण्यांत खेळाडूची उमेद खर्ची पडते. ज्याला कोठेंहि उभें करतां येतें त्याला तेथें ‘युटिलिटी’ खेळाडू, म्हणजे हरकामी गडी, म्हणतात. या नांवांत कौतुक थोडें आणि उपेक्षा अधिक. जे मास्तर कोणत्याहि वर्गावर चालतात त्यांना स्वतःचा वर्ग सहसा मिळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

सेसार तोवार हा असाच एक हरकामी गडी. व्हेनेझुएला देशांतील काराकास शहरीं १९४० सालीं त्याचा जन्म झाला. १९५९ मध्यें सिनसिनाटी संघाचे अधिकारी गस गिल नांवाच्या दुसऱ्याच तरुणासाठीं तेथें आले होते. गिलच्या आग्रहामुळें त्याच्या या मित्रालाहि त्यांनीं घेतलें, अशी हकीकत सांगतात. दुय्यम संघांत कांहीं वर्षें काढल्यावर मिनेसोटा ट्विन्स संघानें त्याला आपलासा केला.

१२ एप्रिल १९६५ रोजीं तो प्रथमच मोठ्या मैदानावर उतरला. समोर न्यूयॉर्क यांकीज. नवव्या डावांत विजय हाताशीं आला असतां एक उंच उडालेला सोपा झेल तोवारच्या हातून सुटला आणि बरोबरी झाली. त्या दोन डावांत त्या पोराच्या मनाची काय अवस्था झाली असेल! अकराव्या डावांत त्याच्याच फटक्यानें सामना जिंकला.

१९६७ सालीं ठरलेले सामने १६२ होते. बरोबरीचे दोन पुन्हा खेळावे लागल्यानें ते १६४ झाले, आणि तोवार त्यांतील एकालाहि चुकला नाहीं. आज या जागीं, उद्यां त्या जागीं. अखेरच्या दोन दिवशीं बोस्टनला हरल्यामुळें ट्विन्सचें अजिंक्यपद हुकलें. पुढें वर्षांतील सर्वांत मोलाचा खेळाडू निवडण्यास वीस पत्रकारांनीं मतें दिलीं. एकोणीस मतें बोस्टनच्या कार्ल यास्त्रझेम्स्कीस पडलीं. फटक्यांची सरासरी, घरधांवा आणि मिळवून दिलेल्या धांवा या तिन्हींत तो अग्रभागीं होता. विसावें मत पडलें तोवारला! त्या मतदाराची पुष्कळ थट्टा झाली. मत चुकलेंच, यांत शंका नाहीं. परंतु तें हास्यास्पद नव्हतें. रोज नव्या जागेवर उभें राहून संघाचीं भगदाडें बुजविणाऱ्याचें मोल मोजणारा रकाना आंकड्यांच्या वहींत नसतो, एवढें तरी त्या गृहस्थानें ओळखलें होतें.

२२ सप्टेंबर १९६८ रोजीं ओकलंडविरुद्ध तोवार नऊ डावांत नऊ जागीं खेळला. आरंभ चेंडू फेकण्यापासून. पहिलाच फलंदाज होता बर्ट कांपानेरिस. हाच पराक्रम सर्वांआधीं, १९६५ सालीं, करणारा. तो बाद झालाच, शिवाय रेजी जॅक्सनसारखा जबरदस्त फटकेबाजहि तोवारच्या फेकीवर फसला. दुसऱ्या डावांत तोवार झेलणाऱ्याचें चिलखत चढवून बसला आणि मग एकेक जागा घेत हिरवळीवर पोंचला. सामना ट्विन्सनीं २-१ असा जिंकला. या कौतुकांत तमाशाचा अंश होता खरा, पण त्याला हंसणें सोपें असलें तरी तें करून दाखविणें सोपें नव्हतें.

त्याची दुसरी ख्याति अधिक खट्याळ होती. प्रतिपक्षाला एकहि फटका साधूं न देणें हा चेंडू फेकणाऱ्याचा परमोच्च मान. तोवारनें पांच वेळां आपल्या संघाचा एकुलता एक फटका मारून तो हिरावून घेतला. १९७१ मध्यें त्यानें २०४ फटके मारले. त्याच्या लीगमध्यें त्या वर्षीं इतके कोणाचेच नव्हते. पुढें फिलाडेल्फिया, टेक्सास, ओकलंड आणि शेवटीं यांकीज अशीं बिऱ्हाडें बदलीत १९७६ सालीं त्यानें मोठें मैदान सोडलें. १४ जुलै १९९४ रोजीं काराकास येथेंच तो वारला.