श्रवणातीत ध्वनी आणि श्वासाचे रक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आज मला आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. औषधोपचार सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु एखादी विद्या कशी चालते आणि समाजाने तिचा उपयोग कसा करून घ्यावा, हे समजावून सांगणे शिक्षकाच्या कक्षेत येते. तेवढ्याच आधारावर मी येथे उभा आहे.

गंगाखेडच्या बाजारात टरबूज घेणारा मनुष्य ते बोटाने वाजवून पाहतो. व्हिएन्ना येथील ऑएनब्रुगर नामक डॉक्टरांनी १७६१ साली अशीच युक्ती मनुष्याच्या छातीस लावली. पोकळ जागा एक नाद देते, भरलेली दुसरा. पुढे १८१६ साली फ्रान्समध्ये लाएनेक यांनी छातीवर नळी ठेवून श्वासाचा आवाज ऐकला आणि स्टेथोस्कोप जन्मास आला. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागून छातीच्या आतील छायाचित्र मिळू लागले. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे, ते याच मालिकेतील आहे.

ज्याचा श्वास स्वबळावर चालत नाही, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने हवा पुरवितात. हा व्हेंटिलेटर प्राणदाता खरा. पण नळीमुळे खोकून कफ टाकण्याची स्वाभाविक शक्ती लोपते आणि तोंडाघशातील जंतू नळीच्या कडेने खाली उतरतात. यंत्र लावल्यावर ४८ तास उलटल्यानंतर असा न्यूमोनिया उद्भवू शकतो. तो ओळखणे फार कठीण. ताप इतर कारणांनीही येतो. निजलेल्या रोग्याचा एक्स-रे पुष्कळदा अस्पष्ट निघतो. सीटी स्कॅनसाठी त्याला नळ्यांसह हलविणे जोखमीचे असते. निदानास उशीर झाला तर प्राणावर बेतते. आणि नुसत्या संशयावरून जालीम औषधे देत गेले, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

अशा वेळी सोनोग्राफीचे यंत्र खाटेपाशी आणता येते. आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटवावयाचे, हे त्याचे तत्त्व. हवेपुढे हा ध्वनी टिकत नाही. म्हणून फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असे दीर्घकाळ मानले जाई. फ्रान्समधील डॉ. लिश्तेनस्टाईन यांनी हा समज खोडून काढला. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली तपासणीची पद्धती पुढे सर्वत्र परिचित झाली.

निरोगी फुप्फुसात हवा असते, तेव्हा पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेषा दिसतात. पाणी साचू लागले की फुप्फुसाच्या आवरणापासून खाली उभे तेजस्वी पट्टे उतरतात. न्यूमोनियाने एखादा भाग घट्ट झाला, तर तो यकृतासारखा भरीव दिसतो. त्या भरीव भागात हवेचे चमकणारे ठिपके प्रत्येक श्वासाबरोबर हलत असतील, तर वाट मोकळी आहे आणि न्यूमोनियाचा संशय बळावतो. ते स्थिर असतील, तर कफाचा बोळा अडकून फुप्फुस मिटले असण्याचा संभव अधिक.

तथापि या विद्येस मर्यादा आहेत. आवरणापर्यंत न पोहोचलेला, खोलवरचा विकार तिला दिसत नाही. ती जंतूचे नाव सांगत नाही. त्यासाठी कफाची तपासणी करावीच लागते. पाहणाऱ्याचा हात व डोळा तयार नसेल, तर यंत्र व्यर्थ. आणि एका रोग्यावरून दुसऱ्याकडे नेताना ते नीट निर्जंतुक केले नाही, तर तेच रोग वाहून नेईल.

आता एक कटू गोष्ट. याच यंत्राने आपल्याकडे मुलीचा गर्भ ओळखून तो नाहीसा केला गेला. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली भरल्या. आपली ज्ञाती या पापापासून अलिप्त होती, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम या विरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. यंत्राची नोंदणी आवश्यक ठरली. २०१२ च्या नियमांनी हलते यंत्र नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवारात, तेथील दाखल रोग्यांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरण्याची मुभा ठेवली. हे बंधन जाचक असल्याची कुरकूर ऐकू येते. पण तो जाच आपल्याच कर्माचा आहे. अतिदक्षता विभागातील रोग्याची फुप्फुसे तपासण्यास कायद्याची आडकाठी नाही. नोंदणी व नोंदवह्या मात्र चोख हव्यात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; तेथे व अन्यत्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही विद्या आत्मसात करावी. मंडळाने कोणा रुग्णालयास यंत्र देण्याचे योजिलेच, तर आधी नोंदणी व शिकलेला माणूस आहे याची खात्री करावी. आणि नातलगांनी अतिदक्षता विभागात गर्दी करू नये, हात धुतल्याविना रोग्यास स्पर्श करू नये, उशाकडील बाजू उंच ठेवली आहे का हे नम्रपणे विचारावे.

ज्या यंत्राने आपण लेकींचा श्वास सुरू होण्यापूर्वीच थांबविला, त्याच यंत्राने थांबू पाहणारा श्वास राखता येतो. दोष यंत्राचा नव्हता. ते कोणत्या हेतूने हाती घ्यावयाचे, हे यापुढेही आपणच ठरविणार आहोत. मंडळाने या संमेलनातच त्याविषयी ठराव करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.